करदात्यांच्या मंचाने महापालिका निवडणुकीत उमेदवारांबाबत भूमिका घ्यावी का?

प्रश्न : हिशेबनीस (पुणे, २०२५ च्या अखेरीस)

आम्ही काही जण पुण्यातील एका प्रभागापुरता करदात्यांचा मंच चालवतो. महापालिकेचे अंदाजपत्रक वाचणे, निविदा आणि पूर्वगणन पत्रकांच्या (कामाच्या अंदाजित खर्चाच्या तक्त्यांच्या) प्रती माहिती अधिकारात मागवणे, मिळकतकराच्या बिलाबाबत लोकांना अर्ज लिहून देणे, एवढाच आमचा उद्योग आहे. स्वतः राहत असलेल्या घराला १९७० पासून मिळणारी ४० टक्के सवलत राज्य सरकारने २०१९ मध्ये थांबवली आणि २०२३ मध्ये पुन्हा सुरू केली, तेव्हा त्या सवलतीचे पीटी-३ अर्ज भरून घेण्यासाठी आम्ही सोसायट्यांच्या आवारात टेबल टाकून बसत होतो. कोणाकडे सोसायटीचे ना हरकत पत्र नसे, तर कोणाचे नाव अजून बिलावर चढलेले नसे. मंचाला आज जी काही पत आहे ती त्या टेबलांमुळे आहे, आणि ती निवडणुकीत वापरावी की राखून ठेवावी, यावरून आता आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत.

महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तेव्हापासून प्रशासकाचा कारभार चालू आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०२६ पर्यंत निवडणुका उरकण्याचा आदेश दिला, प्रभागरचना झाली, आरक्षणाची सोडत झाली, त्यामुळे या वेळी निवडणूक होणार हे नक्की दिसते. एका तटाचे म्हणणे असे, की २०२५-२६ चे अंदाजपत्रक १२,६१८ कोटींचे आहे, ते कोणाच्या हाती जाणार याविषयी आपल्याला मत आहेच, ते आपण आपसात बोलतोही, मग मतदारांपुढे मांडायला संकोच कशाचा? दुसऱ्या तटाचे म्हणणे असे, की ज्या दिवशी आपण एका उमेदवाराचे नाव घेऊ त्या दिवसापासून आपला प्रत्येक माहिती अधिकार अर्ज त्याच्या विरोधकांच्या नजरेने वाचला जाईल.

त्यात आणखी एक पेच आहे. मंचाचे एक कार्यकारिणी सदस्य स्वतः अपक्ष उभे राहण्याच्या विचारात आहेत, आणि ते कामाला चोख आहेत याविषयी कोणाचेही दुमत नाही.

इतर शहरांत अशा गटांनी काय केले, कायद्याची आडकाठी कोठे येते आणि नावे न घेता काही परिणाम साधता येतो का, याविषयी अनुभवी मंडळींनी लिहावे ही विनंती. कोणत्याही पक्षाची बाजू मांडण्यासाठी हा धागा वापरू नये.

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक

माझे मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचायचे की नाही ते आपल्याला ठरवता येईल. मंचाने भूमिका जरूर घ्यावी, ठोस आणि अडचणीची घ्यावी, परंतु ती नोंदीवर आणि प्रश्नांवर घ्यावी, व्यक्तीवर घेऊ नये. मी हे सोवळेपणापोटी म्हणत नाही. माझे कारण व्यावहारिक आहे : माणसाविषयी आपल्याला जे वाटते त्याचा पुरावा नसतो आणि नोंदीचा असतो, आणि ज्या गटाचे सगळे भांडवल पुरावा हेच आहे त्याने निवडणुकीच्या महिन्यात ते सोडून देण्यात शहाणपण नाही.

मात्र नोंद म्हणजे काय, हे नीट समजून घ्यायला हवे. नगरसेवकांची प्रगती पुस्तके काढणाऱ्या संस्था हजेरी, विचारलेले प्रश्न आणि खर्च झालेला निधी मोजतात. मुंबईत प्रजा फाउंडेशनने हे काम बरीच वर्षे चिकाटीने केले आहे, आणि नगरसेवकांच्या प्रश्नांमध्ये रस्त्यांच्या व चौकांच्या नामकरणाचे प्रश्न किती निघतात, हे त्यांच्याच अहवालांनी लोकांपुढे आणले. म्हणजे नुसती संख्या मोजली तर चौकाला नाव सुचवणारा आणि निविदेतील दर तपासणारा हे दोघे एकाच पंगतीत बसतात. करदात्याच्या दृष्टीने खरी नोंद वेगळीकडे असते. मुख्य सभेत बहुतेक विषय आवाजी संमतीने मंजूर होतात आणि इतिवृत्तात नुसते ‘बहुमताने मंजूर’ किंवा ‘एकमताने मंजूर’ असे येते. पोल मागितला गेला तरच कोणी कोणत्या बाजूने मत दिले हे कळते. परंतु प्रत्येक ठरावाखाली सूचक आणि अनुमोदक यांची नावे असतात, आणि उपसूचनेखालीही असतात. अंदाजपत्रकातील एखाद्या कामाचे पैसे काढून दुसरीकडे वळवणारे वर्गीकरण मांडले कोणी, भलत्याच विषयाला उपसूचना जोडून रक्कम वाढवली कोणी, हे त्या दोन नावांवरून अचूक सांगता येते. ‘स’ यादीतून, म्हणजे अंदाजपत्रकातील नगरसेवकांनी सुचवलेल्या कामांच्या यादीतून, प्रभागात काय झाले, तेच काम आधीच्या वर्षी कोणत्या अर्थशीर्षाखाली झाले होते, महापालिका अधिनियमाच्या कलम ६७ (३) (क) खाली तातडीचे म्हणून निविदेशिवाय दिलेले काम खरोखर तातडीचे होते का, हे कागद अभिलेख पाहणीत दिसतात. दर सोमवारी दुपारी ३ ते ५ कागद पाहू देण्याची ही प्रथा पुण्याने पाडली आणि २०१८ मध्ये राज्य सरकारने परिपत्रक काढून ती इतरत्रही लागू केली. ती जिथे चालू असेल तिथे आपल्यासारख्या मंचांनी तरी तिचा पुरेपूर लाभ घ्यायला हवा.

आता खरी अडचण. ही सगळी नोंद मार्च २०२२ ला थांबते. त्यानंतर प्रशासकच स्थायी समिती होते आणि मुख्य सभाही तेच होते, त्यामुळे मधल्या काळातील कोणत्याही ठरावाची जबाबदारी कोणा माजी नगरसेवकावर टाकता येत नाही, आणि कोणाला तिचे श्रेयही देता येत नाही, मग फ्लेक्सवर काहीही छापलेले असो. नव्या उमेदवारांची तर पाटी कोरीच आहे. म्हणून या निवडणुकीत माजी नगरसेवकांची २०१७ ते २०२२ ची नोंद, आणि माजी असोत वा नवे, सर्वच उमेदवारांना लेखी प्रश्न, एवढेच दोन मार्ग उरतात.

प्रश्न कसे विचारावेत यावर सगळे अवलंबून आहे. ‘पारदर्शक कारभाराला आपला पाठिंबा आहे का?’ असे विचाराल तर सगळेच हो म्हणतील, आणि ते छापून आपण फुकटची जाहिरात करून द्याल. उत्तर देताना उमेदवाराचे काहीतरी पणाला लागेल असा प्रश्न हवा. मिळकतकराच्या थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, ती साचून मूळ करापेक्षा मोठी होते आणि मग अधूनमधून अभय योजना येऊन तिचा मोठा भाग माफ होतो. वेळेवर भरणारा मूर्ख ठरतो, असे आपल्यापैकी अनेकांचे मत असेल. पण थकबाकीदारही मतदारच असतात, आणि शास्तीतील काही प्रकरणे दुबार आकारणीची किंवा चुकीच्या आकारणीची असतात हेही खरे आहे. या प्रश्नावर उमेदवाराला कोणातरी एका गटाला नाराज करावे लागते. असे चार-पाच प्रश्न पुरेत. उत्तरे जशीच्या तशी छापा, गुण देऊ नका, आणि ज्याने उत्तर दिले नाही त्याच्या नावापुढची जागा कोरी सोडा. ती जागा पाहून मतदाराला जे समजायचे ते समजते.

उभे राहणाऱ्या सदस्याने अर्ज भरण्याआधी कार्यकारिणीचा राजीनामा द्यावा. नुसता कार्यकारिणीचा नव्हे, मंचाच्या सभासदत्वाचाही. आणि मंचाने त्यांनाही तेच प्रश्न पाठवावेत.

उत्तर : जुहूकर

लेखापरीक्षक साहेबांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, तरीही मी विरुद्ध बाजू मांडतो, कारण तटस्थता ही कधीकधी केवळ सोय असते. वर्षानुवर्षे कागद गोळा करायचे, गैरव्यवहार दाखवून द्यायचे, आणि नेमक्या ज्या दिवशी त्याचा निकाल लावण्याचा अधिकार लोकांच्या हाती येतो त्या दिवशी ‘आम्ही कोणाचे नाव घेत नाही’ म्हणायचे, याने कोणाचे भले होते? ज्यांच्याकडे पैसा आणि कार्यकर्ते आहेत त्यांचे.

मुंबईत २००७ च्या निवडणुकीत जुहूच्या रहिवाशांनी एकमताने आपला उमेदवार ठरवला आणि अॅडॉल्फ डिसूझा कोणत्याही पक्षाशिवाय निवडून आले. त्यामागे एका रात्रीतली लाट नव्हती. १९९७ पासून मुंबईत नागरिकांची प्रगत परिसर व्यवस्थापन मंडळे सुरू झाली होती, कचरा वेगळा करण्यापासून गटारांच्या तक्रारींपर्यंत त्यांचा पालिकेच्या वॉर्ड ऑफिसशी रोजचा संबंध होता, आणि लोकांना एकत्र बसून ठरवण्याची सवय लागलेली होती. उमेदवार त्या सवयीतून पुढे आला. बेंगळुरूत २०१३ मध्ये बी-पॅक या गटाने विधानसभेच्या निवडणुकीत वेगवेगळ्या पक्षांतील उमेदवारांना नावानिशी पाठिंबा दिला. तो गट त्यामुळे बुडाला नाही, पुढेही नगरप्रशासनात काम करू इच्छिणाऱ्यांसाठी प्रशिक्षण चालवत राहिला. म्हणजे नाव घेतले की विश्वासार्हता संपते, हा काही निसर्गनियम नव्हे. निकष आधी जाहीर केले, सर्व उमेदवारांना सारखी संधी दिली आणि कारणे लिहून दिली, तर लोक मतभेद ठेवूनही ऐकून घेतात.

पुण्याची अडचण मात्र मान्य करतो, आणि माझ्या मते ती नैतिक नसून रचनेची आहे. मुंबईत २२७ प्रभाग आणि प्रत्येकी एक नगरसेवक, २०११ च्या जनगणनेप्रमाणे सरासरी पंचावन्न हजारांच्या आसपास लोकसंख्या. पुण्यात १६५ जागा ४१ प्रभागांत, त्यातले ४० चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा, म्हणजे प्रभागाची सरासरी लोकसंख्या ऐंशी हजारांच्या वर. मतदाराने अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार बटणे दाबायची असतात, आणि पक्षाचे पॅनेल त्याच्या तोंडी बसवलेले असते. अशा प्रभागात एकट्या अपक्षाला ‘फक्त ड जागेवर मला द्या, बाकी तिकडे कोणालाही’ असे सांगत फिरावे लागते. आपल्या सदस्याला उभे राहायचे असेल तर त्यांना हे स्पष्ट सांगा, की जुहूचा दाखला त्यांच्या कामाचा नाही. मात्र त्याच कारणाने पाठिंब्याचा एक वेगळा उपयोग होतो : चार जागांवर वेगवेगळ्या पक्षांचे बरे उमेदवार असू शकतात आणि तशी मते देता येतात, हेच अनेक मतदारांना माहीत नसते किंवा सुचत नाही. मंचाने चार जागांवर चार वेगवेगळी नावे सुचवली, तर पक्षपाताचा आरोप करायलाही अवघड जाईल.

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक

जुहूकरांचा शेवटचा मुद्दा आकर्षक आहे, पण चारही जागांवर बरे उमेदवार सापडतील असे त्यात गृहीत धरलेले आहे. दोन जागांवर कोणीच बरे नसले तर मंच काय सांगणार? त्यातल्या त्यात कमी वाईटाला पाठिंबा, की वरीलपैकी कोणीही नाही? दोन्हींतून पाठिंब्याची किंमत उतरते.

शिवाय निवडणुकीनंतरचे पाहा. कायद्याने प्रभाग समितीवर स्वयंसेवी संस्थांच्या प्रतिनिधींना तीनपर्यंत जागा ठेवल्या आहेत, आणि स्वीकृत नगरसेवकांच्या पात्रतेतही स्वयंसेवी संस्थेचा अनुभवी पदाधिकारी हा एक वर्ग आहे. या जागांवर बहुधा पक्षांचे नाराज कार्यकर्ते बसवले जातात, ही तक्रार आपणच करत आलो आहोत. उद्या आपण ज्यांना पाठिंबा दिला ते निवडून आले आणि त्यांनी मंचाच्या अध्यक्षांना प्रभाग समितीवर घेतले, तर ते कितीही लायक असोत, तो मोबदलाच दिसेल. नावे घ्यायचीच असतील तर पुढची पाच वर्षे मंचातील कोणीही असे पद घेणार नाही, असा ठराव आधी करा आणि तो पत्रकावर छापा.

उत्तर : कायद्याची बाजू

हा व्यावसायिक सल्ला नाही, केवळ दिशा म्हणून लिहीत आहे.

पहिली गोष्ट खर्चाची. उमेदवाराच्या लेखी अधिकारपत्राशिवाय त्याची निवड व्हावी म्हणून सभा, जाहिरात, पत्रक किंवा अन्य मार्गाने खर्च करणे हा गुन्हा आहे. ही तरतूद १९२० साली दंड संहितेत आलेल्या निवडणूकविषयक प्रकरणातली, कलम १७१-एच. आता भारतीय न्याय संहितेत ती कलम १७६ मध्ये आहे आणि दंड दहा हजार रुपयांपर्यंत आहे. जुन्या कलमात दहा रुपयांपर्यंतचा खर्च नंतर मंजूर करून घेण्याची मुभा होती, त्यावरून त्या काळच्या निवडणुकांचा अंदाज यावा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की या प्रकरणातील ‘निवडणूक’ या शब्दात नगरपालिकांच्या निवडणुकाही येतात. म्हणजे मंचाने स्वतःच्या पैशाने ‘अमुक यांना निवडून द्या’ असे पत्रक छापले आणि परवानगी घेतली नाही तर गुन्हा. परवानगी घेतली तर तो खर्च उमेदवाराच्या हिशेबात दाखवावा लागणार आणि मंच त्याच्या प्रचारयंत्रणेचा भाग होणार. सर्व उमेदवारांची उत्तरे शेजारी शेजारी छापणारे पत्रक यात बसवणे कठीण आहे, कारण ते कोणा एकाच्या निवडीसाठी नसते. निवृत्त लेखापरीक्षकांनी जो मार्ग व्यावहारिक म्हणून सुचवला तो कायद्यानेही सर्वात सुरक्षित आहे.

दुसरी गोष्ट बदनामीची. उमेदवाराच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी खोटे विधान करणे हा वेगळा निवडणूक गुन्हा आहे. ‘या ठरावाचे सूचक’ एवढेच लिहा, ठराव क्रमांक आणि तारीख द्या, आणि ‘यात मलई कोणी खाल्ली ते वाचकांनी ओळखावे’ छापाची वाक्ये टाळा. पत्रकावर मुद्रकाचे व प्रकाशकाचे नाव आणि प्रतींची संख्या असलीच पाहिजे असे धरून चाला.

तिसरी गोष्ट नोंदणीची. मंच धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर घटनेतील उद्देश काढून वाचा. उद्देशाबाहेर खर्च झाला तर धर्मादाय आयुक्त विचारतील, आणि देणग्यांवर प्राप्तिकराची सवलत घेत असाल तर तो विभागही विचारेल. उमेदवार उभे करायचेच असतील तर स्वतंत्र आघाडी करा. स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ मध्ये निवडणुकीपुरत्या एकत्र येणाऱ्या अशा गटांची ‘आघाडी’ म्हणून दखल घेतलेली आहे, आणि मग पक्षादेश मोडल्यास जागा जाण्याचा नियमही तिला लागतो. मंचाच्या बँक खात्यातून मात्र त्या आघाडीला एक रुपयाही जाऊ नये.

उत्तर : भाडेकरू

मी अकरा महिन्यांच्या करारावर राहणारी आहे, माझ्या नावावर मिळकतकराचे बिल येत नाही. त्यामुळे आपल्या मंचाच्या हिशेबात मी करदाती आहे की नाही, हे मला आधी विचारायचे आहे.

पुण्यात २०१३ च्या एप्रिलमध्ये जकात गेली आणि स्थानिक संस्था कर आला. ऑगस्ट २०१५ पासून तो ५० कोटींखालच्या उलाढालीला माफ झाला. जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर त्या सगळ्याच्या बदल्यात राज्याकडून महापालिकेला दरमहा अनुदान येते. महापालिकेच्या उत्पन्नाचा तो फार मोठा आधार आहे. तो पैसा दुकानातून साबण आणि तेल विकत घेणाऱ्या प्रत्येकाचा आहे, वस्तीत राहणाऱ्याचाही आहे. घरभाड्यातून मालकाचा मिळकतकर आम्हीच भरतो, हे वेगळे सांगायला नको. आणि मालकाने घर भाड्याने दिले की त्याची ४० टक्के सवलत जाते आणि तो फरक बहुतेक वेळा आमच्याच भाड्यात चढतो. तरीही करदात्यांचे मंच बसतात सोसायट्यांच्या क्लबहाउसमध्ये, आणि ‘करदात्यांचे मत’ म्हणून बाहेर येते ते सदनिकाधारकांचे मत.

हा प्रश्न पाठिंब्याच्या वादाआधी सुटायला हवा, कारण भूमिका कोणत्या विषयांवर घ्यायची हे त्यावरच ठरते. पीएमपीएमएलची, म्हणजे आपल्या शहर बससेवेची, संचलन तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६० आणि ४० टक्के अशा वाट्याने भरतात. एखाद्या मंचाच्या पत्रकात ती ‘करदात्यांच्या पैशाची उधळपट्टी’ म्हणून सहज येऊ शकते. मी त्या बसने रोज कामाला जाते आणि माझ्या मते तो महापालिकेचा सर्वात रास्त खर्च आहे. उलट जून २०१७ मध्ये चोवीस तास पाणी योजनेसाठी २०० कोटींचे कर्जरोखे ७.५९ टक्के व्याजाने काढले गेले आणि त्याच वर्षी चढ्या दराने आलेल्या निविदा रद्द कराव्या लागल्या, म्हणजे काम सुरू होण्याआधी व्याज सुरू झाले, त्यावर प्रश्न विचारा ना. तिथे मालक, भाडेकरू, वस्ती, सगळ्यांचे हित एक आहे.

आपण नावे घ्या किंवा घेऊ नका, मला त्यात फारसा रस नाही. प्रश्नावली करताना तुमच्या खोलीत कोण कोण बसलेले असेल, ते मात्र सांगा.

उत्तर : जुहूकर

भाडेकरूताईंचा मुद्दा महत्त्वाचा आहे आणि माझ्या बाजूलाही लागू पडतो. एकमताने ठरलेला नागरिकांचा उमेदवार म्हणताना ते एकमत कोणाकोणाचे, हा प्रश्न आमच्याकडेही विचारला गेला पाहिजे. कायद्यात क्षेत्रसभा २००९ पासून आहे, त्या भागातला प्रत्येक नोंदणीकृत मतदार, मालक असो वा भाडेकरू, तिचा सदस्य ठरतो. ती प्रत्यक्षात भरत नाही ही गोष्ट निराळी. मंचाला निवडणुकीत एकच मागणी करायची असेल, तर सर्व उमेदवारांकडून क्षेत्रसभा भरवण्याचे लेखी वचन मागावे, असे मी सुचवीन.

प्रश्नकर्त्याचे उत्तर : हिशेबनीस

सर्वांचे मनापासून आभार. कार्यकारिणीची बैठक झाली आणि जे ठरले ते लिहितो. सर्वांना ते पटले असे नाही.

नावानिशी पाठिंबा द्यायचा नाही, हे थोड्या मतांनी ठरले. निर्णायक ठरला तो खर्चाचा मुद्दा, विश्वासार्हतेच्या मुद्द्यावर दोन्ही तट जिथे होते तिथेच राहिले. माजी नगरसेवकांनी सुचवलेल्या किंवा अनुमोदन दिलेल्या उपसूचना आणि वर्गीकरणे यांची यादी ठराव क्रमांकासह काढायची आणि त्यावर कोणतेही भाष्य करायचे नाही. ज्यांची नावे यादीत येतील त्यांना ती आठवडाभर आधी पाठवून त्यांचा खुलासा शेजारी छापायचा. उभे राहू इच्छिणाऱ्या सदस्यांनी सभासदत्वाचा राजीनामा बैठकीतच लिहून दिला, थोडे दुखावून दिला. पाच वर्षे कोणतेही नियुक्त पद न घेण्याचा ठराव मात्र बारगळला, कारण दोघांचे म्हणणे असे की प्रभाग समितीवरील जागा ही आपण इतकी वर्षे मागत आलेली गोष्ट आहे, ती मिळाली तर सोडायची का? यावर पुन्हा बसणार आहोत.

भाडेकरूताई, प्रश्नावलीची बैठक क्लबहाउसमध्ये न घेता महापालिकेच्या शाळेच्या वर्गात घेण्याचे ठरले आहे, आणि शेजारच्या वस्तीतील बचत गटांच्या महिलांना व भाड्याने राहणाऱ्यांना निमंत्रण दिले आहे. कोण येईल ते पाहू. आपणही यावे. पीएमपीएमएलची तूट आमच्या पहिल्या मसुद्यात खरोखरच उधळपट्टीच्या शीर्षकाखाली होती. ती काढलेली नाही, तिचा प्रश्न झाला आहे : ही तूट भरणे आपल्याला मान्य आहे का, आणि बसची संख्या वाढवण्यासाठी अंदाजपत्रकातील दुसरा कोणता खर्च आपण कमी कराल?

पहिल्या प्रश्नाचा मसुदा असा : ‘थकबाकीवरील शास्ती माफ करणारी अभय योजना मुख्य सभेपुढे आल्यास आपण तिच्या बाजूने मत द्याल की विरोधात? आपल्या किंवा आपल्या कुटुंबीयांच्या मिळकतीला यापूर्वी अशा योजनेचा लाभ मिळाला आहे का?’

उत्तर : निवृत्त लेखापरीक्षक

मसुदा चांगला आहे. दोन दुरुस्त्या सुचवतो. ‘कुटुंबीय’ हा शब्द मोघम आहे. उमेदवार, पती किंवा पत्नी आणि त्यांची भागीदारी असलेली संस्था असे लिहा, कारण मोठी थकबाकी बहुधा संस्थेच्या नावावर असते. आणि ‘पोल मागाल का?’ हे शब्द पहिल्या वाक्यात घाला. बाजूने की विरोधात याचे उत्तर उमेदवार आज देईल, पण पोल झाला नाही तर त्याने खरोखर तसे मत दिले का, हे इतिवृत्तावरून आपल्याला कधीच सांगता येणार नाही.

प्रश्नावली अर्ज माघारीच्या दुसऱ्याच दिवशी हाती दिली पाहिजे. माघार ते मतदान यात जेमतेम दोन आठवडे मिळतील, त्यातले उत्तरासाठी पाच दिवस, मुद्रणासाठी दोन, आणि वाटपाला जे उरतील ते. प्रत देताना पोच घ्या, आणि पोचेवर तारखेबरोबर वेळही लिहून घ्या.